अर्थिंग

पहिली यादी मी मिठाच्या पावतीमागे लिहिली:
प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, डबा.
डब्यापाशी पेन थांबलं,
कारण आगरवाड्याच्या हवेला
लोखंड आवडतं.
आमच्या दाराच्या कड्या दर तिसऱ्या वर्षी बदलतात,
सायकलची चेन दर वर्षी.

म्हापशाला कायतानच्या दुकानात गेलो.
त्याने आधी काचेचा डबा काढला, आत सात रंगांचे दिवे.
"संगीत करतोस ना? मग दिवे हवेतच."
म्हटलं, आंधळा चालेल, मुका पाहिजे.
तो हसला. मग हसायचा थांबला,
बाहेर ओरडणाऱ्या शुक्रवारच्या बाजारावर
अर्धं शटर ओढलं,
आणि स्टुलांवर बसून आम्ही दोघांनी
पंखे ऐकले.
छोटे, चिडलेल्या गांधीलमाश्यांसारखे.
मोठा, एकशेचाळीस मिलिमीटरचा, सावकाश:
त्याचा आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत
कुणीतरी झोपलंय एवढीच खात्री.
तो घेतला. दोन घेतले.

ग्राफिक्स कार्ड नको.
तबकडीची हार्ड डिस्क नको, तिला स्वतःचा ठेका असतो
आणि तो कुठल्याच तालात बसत नाही.
रॅम मात्र चौसष्ट
(कायतानच्या भुवया वर)
कारण कुठल्याशा थंड देशातल्या सभागृहात
अठरा जणांनी वाजवलेली व्हायोलिनं
मला खाडीकाठच्या खोलीत एकदम जागी हवीत.
पुष्कळ कोअरचा प्रोसेसर, की थोड्या कोअरचा पण चपळ?
यावर दोन चहा गेले.
शेवटी चपळ.
घुमटावर थाप पडते आणि हेडफोनमध्ये ती उगवते,
या दोहोंत जरा जास्त वेळ गेला
की सावळोमामा वाजवायचा थांबतो:
"भितर दुसरो कोण वाजयता रे?"

दोन हंगाम शॅकवर
परक्यांच्या वाढदिवसांना कीबोर्ड वाजवून जमवलेल्या नोटा
कायतानने दोनदा मोजल्या.

घरी जोडलं. तीन स्क्रू उरले,
ते अजून खिडकीत आहेत, एक गंजलाय.
बटण दाबलं. पंखे ऐकू आले नाहीत.
पण स्पीकरमधून गम्म्
खालचं, अखंड, हट्टी,
भिंतीत कुणी तंबोऱ्याची खर्जाची तार छेडून
निघून गेल्यासारखं.
केबल बदलली. इंटरफेस बदलून आणला.
पॉवर सप्लायवर संशय घेतला, सगळ्यांत महाग तोच.
तीन रात्री. मांजरसुद्धा खोलीत येईना.

चौथ्या सकाळी बाबा आगरातून आले,
डोक्यावर टोपली, पायांत मिठाचे पांढरे मोजे.
डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.
त्यांनी डब्यावर तळवा ठेवला,
घुमटाचं कातडं सुकलं का बघतात तसा,
आणि झटकन उचलला.
"मुंग्या येतात. याला जमीन लागलेली नाही."

घरामागे माडाच्या मुळाशी अर्थिंगचा खड्डा,
पहिल्या मीटरइतका जुना, कोरडा ठाक.
बाबांनी कुदळ मारली. चुलीतला कोळसा टाकला.
मग टोपली तशीच उपडी केली:
जाडं, करडं, या वर्षीचं मीठ.
ज्याच्या भीतीने मी डब्याच्या भोकाभोकाला जाळी लावली होती,
सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या होत्या,
तेच.
वर दोन घागरी पाणी. जमिनीने ते आवाज करत प्यायलं.

खोलीत आलो. हेडफोन लावले.
गम्म् नव्हतं.
माइक उघडा राहिला होता,
आणि खिडकीपलीकडे बाबा
रिकामी टोपली भिंतीवर आपटून झाडत होते.
रेकॉर्ड दाबलं.
फाइलला नाव द्यायचं अजून राहिलंय.
पहिली थाप हुकली,
दुसरीपासून आहे.